सरदाराला आवतण

मल्लूला आता दोन वर्षं भरत आली होती, आणि गडी अजून बसूनच राज्य करत होता. कडेवर घेतला की खुशीत, खाली ठेवला की बसकण. सोलापुरातल्या डॉक्टरांनी पाय वाकवून, ताणून बघितले आणि म्हणाले, "हाडं चांगली आहेत. चालेल." कधी, ते काही कुणी सांगेना. सिद्धेश्वरी चारचौघांत हसण्यावारी न्यायची. पण अंघोळ घालताना त्याच्या तळव्यांवर हात गेला की तो तिथंच थांबायचा. एवढ्या मोठ्या पोराचे तळवे इतके मऊ असू नयेत.

"सरदाराकडं बसवू त्याला," सासूबाई महादेवी म्हणाल्या. "आईतवारी त्येंचा दिवस हाय की."

कुंभारीच्या पुढं, गावाबाहेरच्या माळावर सरदाराचा दगड उभा आहे. फौज माघारी वळली तेव्हा मूठभर माणसं घेऊन तो तिथं थांबला आणि तिथंच पडला, एवढंच गावाला ठाऊक. त्याचं नाव कुणाला माहीत नाही. पुरुषभर उंच काळा दगड, त्यात कोरलेला उभा गडी. डावा हात घोड्याच्या लगामाला, उजवा खाली सोडलेला, बोटं जराशी वाकलेली. गावाचा दंडक एकच. निघताना हात जोडून म्हणायचं, "सरदार, तुमी हितंच ऱ्हावा." ज्यानं जागा धरलीय, त्याला जागेवरून हलवू नये.

रविवारी माळ नुसता फुलला होता. हलगी वाजत होती, चुलवणावर हुग्गी, गहू-गुळाची खीर, रटरटत होती. सिद्धेश्वरीनं दगडाच्या पायाशी घोंगडं अंथरून मल्लूला बसवलं.

"मल्लप्पा सावकार, यंदा तरी गादी सोडा की," शेजारची चिमाबाई म्हणाली. बायका फिदीफिदी हसल्या. मल्लूही हसला आणि होता तिथंच बसला.

मग सिद्धेश्वरीला वास आला. घामेजलेल्या घोड्याचा, ओल्या चामड्याचा. गावात आता घोडा नाही. वरातीचासुद्धा अक्कलकोटहून मागवतात. वारा पडला होता, तरी दगडावरची झेंडूची माळ हलत होती.

मल्लूनं मान वर केली. आईच्या खांद्यावरून, तिच्याही पलीकडं उंच कुठंतरी बघून तो ओळखीचं हसला. उजवा हात वर केला. आणि उभा राहिला. हात टेकून नाही, गुडघ्यावर येऊन नाही. कुणीतरी अलगद उचलावा तसा.

एक पाऊल. दुसरं. मग तुरुतुरु दगडाभोवती अख्खा फेरा.

काय सांगावं! हलगीवाला नाचायला लागला. महादेवी साठीच्या, पण चिमाबाईचे हात धरून त्यांनी फुगडी घातली आणि पदरानं डोळे पुसले. सगळे पाय बघत होते. सिद्धेश्वरी तेवढी मूठ बघत होती. वर धरलेली, घट्ट मिटलेली. मोठ्या माणसाचं बोट धरून पोरं चालतात तशी.

पण आनंद एवढा दाटला होता की विचाराला जागाच नव्हती. सोलापुरातल्या दुकानदाराची लेक ती. गिऱ्हाईक निघालं तरी 'घरी या' म्हणणाऱ्या घरातली. तिनं दगडापुढं हात जोडले आणि म्हणाली, "लई उपकार झाले, सरदार. घरी या एकदा. जेवायला या."

फुगडी थांबली.

"अगं, ऱ्हावा म्हणायचं असतंय," चिमाबाई हळूच म्हणाली.

"पोरीनं मायेनं म्हटलंय, काय व्हत न्हाय," महादेवी म्हणाल्या. पण स्वतः 'ऱ्हावा' मात्र त्या दोनदा म्हणाल्या, आणि चिमाबाईच्या रिक्षात बसून सगळ्यांच्या आधी घरी गेल्या.

परतताना मोटारसायकलवर मल्लू आईबापांच्या मध्ये बसला होता, हात तसाच वर. चढावर नवरा, शरणबसव, वैतागला. "गाडी लई जड वडायली की गं. काय घेतलीस संगं?"

"हुग्गीचा डबा," ती म्हणाली.

घराचं दार बुटकं. शरणबसव नेहमीसारखा वाकून आत गेला. मल्लू उंबऱ्यापाशी आला आणि थांबला. जरा बाजूला सरकला. शेजारी एक माणूस मावेल, एवढाच.

आतून महादेवींनी ते बघितलं. "सिद्धू," त्यांचा आवाज उतरला होता, "उंबऱ्याभाईर हायत तवर म्हण. माघारी फिरा म्हण. ऐकत्यात ते."

सिद्धेश्वरीनं तोंड उघडलं. तिची नजर खाली गेली. मल्लूचे पाय पिंडऱ्यांपर्यंत मळलेले. त्यानं एक टाच उचलली, तर तळवा धुळीनं काळाकुट्ट.

ते बोट सुटलं तर?

तिनं डोक्यावर पदर घेतला.

"या," ती म्हणाली.

मल्लूची वर लागलेली नजर हळूहळू खाली आली, चौकटीइतकी. आत आल्यावर पुन्हा वर गेली.

महादेवींनी एक ताट जास्तीचं मांडलं. हुग्गी, शेंगाचटणी, कडक भाकरी. पाट ओढला.

मल्लू पाटाशेजारी उभा राहिला, हसत. आणि त्याची वर धरलेली मूठ सावकाश खाली आली, मांडी घालून बसलेल्या माणसाच्या हाताइतकी.