कुरडयांमधली जागा

कुसुमबाईंना एक खोड आहे. दुसऱ्याच्या घरात पाय टाकला की कोणाचं काय दुखतंय ते आधी हुंगून काढायचं, अन् पुढ्यातला चहा निवायच्या आत गल्लीभर करून यायचं.

यंदाच्या वैशाखात त्या पूर्णेहून माहेरी वालूरला आल्या, त्या कुरडया करायला. कुरडया राहिल्या बाजूला. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या ओट्यावर बसून सांगून आल्या...

"आमच्या वहिनीला बाहेरचं लागलंय."

हे घडलेलं आहे. कोणाच्या चुलत्याच्या मित्राकडून ऐकलेलं नाही. ज्यांना भूत म्हटलं की अमावास्येची रात्र अन् पिंपळच लागतो, त्यांनी इथंच थांबावं. हे भर दुपारी घडलं. ऊन असं, की कुत्रीसुद्धा नालीत जाऊन पडलेली. कुसुमबाईंचा भाऊ सूर्यभान, त्याच्या घराच्या स्लॅबवर घडलं. स्लॅब अजून तिथंच आहे.

सूर्यभानची बायको म्हणजे सरजाबाई. शाळा पाहिली ती चौथीपर्यंत. पण घरात मीठ किती आणायचं अन् पोरगी कुठं द्यायची, दोन्ही तिच्याच शब्दावर ठरतं. पन्नाशी आता दाराशी आलेली.

चैत्रापासून तिच्या अंगात काहीतरी सुरू झालं होतं.

बसल्या बसल्या छातीतून आग उठायची. मानेवरून डोक्यात जायची. बघता बघता पोलकं ओलं.

मग हुडहुडी.

छाती अशी धडधडायची की वाटावं, शेजारी निजलेल्या सूर्यभानला ऐकू जाईल. सूर्यभान घोरत असायचा. दंडावर मुंग्या चालायच्या. झटकायला जावं...

तर मुंगी नाही.

पाळीचं तर त्याच्याही आधीपासून काही विचारूच नका. महिनेन्महिने पत्ता नाही, अन् आली की सरायचं नाव नाही.

आणि भीती. कशाची, ते सांगता यायचं नाही. चुलीमागचा विंचू चपलेनं मारलेली बाई, ती दाराची कडी वाजली तरी दचकायला लागली. सगळ्यात जास्त राग तिला याचाच यायचा.

घरातल्यांची अक्कल बघा. सूर्यभान म्हणाला, "उन्हाळा हाय. सगळ्यालाच गरम होतं." पोरगा रंगनाथ मोबाईलवर बोट फिरवत म्हणाला, "आई, बीपी असंल." मोबाईल खाली ठेवून आईकडं बघावं, एवढी फुरसत त्याला मिळाली नाही.

शेवटी ती एकटीच एसटीत बसून सेलूला दवाखान्यात गेली. डॉक्टरीण सुनेच्या वयाची. रक्त तपासलं, छातीची पट्टी काढली, अन् म्हणाली, "मावशी, पाळी जायच्या आधी असं होतं. काही वर्षं चालेल. सुती कपडे घाला, चहा कमी करा, रोज चाला. आग उठली की हळूहळू श्वास घ्या. अंगावरून फार जायला लागलं तर मात्र लगेच या."

हळूहळू श्वास घ्या. एवढ्यासाठी इतकी बुकं वाचली होय, असं सरजाबाईच्या मनात आलं.

पण तिनं चहा कमी केला. सकाळी चालायला लागली. दुपारी स्वयंपाकघरात शहाबादी फरशीवर, ओला टॉवेल मानेखाली घेऊन पडायला लागली. थोडं बरं वाटायचं. ते तिनं कोणाला सांगितलं नाही. त्या पोरीला उगाच भाव कशाला द्यायचा.

अन् अशात कुसुमबाई आल्या.

"आईचं असंच झालतं, वहिनी," त्या म्हणाल्या. "आईबी अशीच पेटायची. तुमच्या डोळ्यात मला तेच दिसायलंय."

कुसुमबाईंची आई म्हणजे सरजाबाईची सासू, केवळाबाई. सरजाबाई नवी सून होती तेव्हाची गोष्ट. केवळाबाईला घरात बसवत नव्हतं. अंगाची लाही व्हायची, म्हणून ती जुन्या घराच्या माळवदावर जाऊन बसायची. वाळवण राखायची. हातात वेळूची काठी, अन् कावळा आला की, "हाऽऽ... हाऽऽ..." बायका कुरडया घालताना तिच्यासाठी मधोमध बसण्यापुरती जागा सोडायच्या. तिच्या भोवतीनं ओळी.

कुसुमबाई तेव्हा परकर-पोलक्यातल्या. बापाला जाऊन सांगितलं, आई वर बसून कुणाशी तरी बोलती. बापाला तेवढं पुरलं. देवऋषी आणला. मिरच्यांची धुरी दिली, लिंबाच्या डहाळीनं झोडपलं. पोरगी कडेला उभी राहून बघत होती, अन् मध्येच सांगत होती, "अजून गेलं न्हाई."

केवळाबाई त्यानंतर बोललीच नाही. पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी ती तिच्या जागेवर बसल्या बसल्या गेली. काठी हातातच होती. लुगडं घामानं चिंब.

ते माळवद पाडून सूर्यभाननं स्लॅब टाकला, त्याला आता कितीतरी वर्षं झाली.

कुसुमबाईंच्या बोलण्याचं बाकी काही सरजाबाईनं मनावर घेतलं नसतं. पण सूनबाईनं, बबितानं, घेतलं.

बबिताची पोरगी चिमी. नुकती बसायला लागलेली. जन्मल्यापासून तिला तेल लावायचं, पायावर घेऊन न्हाऊ घालायचं काम सरजाबाईचं. त्या दिवशी सकाळी सरजाबाईनं पाय पसरले, पाणी हातानं बघितलं, अन् बबिता दारातच उभी.

"आत्याबाई," ती सासूला म्हणाली, "तुमचा हात थरथरायलाय. राहू द्या. मी घालते."

"कधीपासून दिसायलाय तुला माझा हात?"

बबिता पोर उचलून घेऊन गेली. झोळीही तिनं आपल्या खोलीत नेऊन बांधली. संध्याकाळी रंगनाथ भिंतीकडं बघत म्हणाला, "आई, गुरुवारी गाडी सांगितलीय. कुसुमआत्या म्हणती, एकदा तिकडं दाखवून येऊ. तोवर पोरीला जरा..."

"तोवर काय?"

"काय न्हाई."

तिकडं म्हणजे देवऋषीकडं. सरजाबाईला आयुष्यात कोणी काही दिलं नाही याचं तिला दुःख नव्हतं. पण हातातलं काढून घेतलं, हे पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी कुरडया. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून ठेवलेला. वालूरात सरजाबाईसारखा चीक कोणी शिजवत नाही. गाठ शोधून दाखवावी. पण कुसुमबाईंनी हाटायचं दांडकं तिच्या हातातून घेतलं.

"तुमी दूरच ऱ्हावा, वहिनी. तुमचं पाळीचं काई खरं न्हाई. विटाळ झाला तर कुरडया लाल पडतेल."

मग त्यांनीच चीक हाटला. लिंबाएवढ्या गाठी झाल्या. सरजाबाई उंबऱ्यात बसून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "भजे करायलात का?"

सोऱ्या घेऊन कुसुमबाई अन् बबिता दिवस चढायच्या आत वर गेल्या. जुनी लुगडी अंथरून ओळीनं कुरडया घातल्या. खाली आल्या तेव्हा कुसुमबाईंचा आवाज चढलेला.

"मधी जागा सोडलीस कशाला?"

"मी कुठं सोडली? तुमीच त्या बाजूनं घालत आलात."

"मी एक ओळ सोडली न्हाई."

"मीबी न्हाई."

सरजाबाईनं विचारलं, "केवढी जागा?"

बबितानं हातानं दाखवली.

मांडी घालून एक बाई बसेल... एवढी.

सरजाबाईच्या दंडावर मुंग्या चालायला लागल्या होत्या.

दुपारी लाईट गेली. जेवून सगळे आडवे झाले. सरजाबाई फरशीवर पडली होती, टॉवेल मानेखाली. पंखा थांबलेला. घर गप्प.

आणि वर...

टक्. टक्.

काठी स्लॅबवर आपटल्यासारखी.

मग बारीक आवाजात, दमलेल्या घशातून...

"हाऽऽ... हाऽऽ..."

कुसुमबाई कावळे हाकत असतील, असं वाटून ती उठली. पुढच्या खोलीत डोकावली. कुसुमबाई तोंड उघडं टाकून झोपलेल्या. बबिता चिमीजवळ. सूर्यभान ओसरीत. रंगनाथ दुकानातून आलेला नव्हता.

टक्. टक्.

कुरडयांपासून दूर म्हणजे वर जायचीही तिला मनाई होती. तिच्याच घरात, तिच्याच जिन्यावर. त्या रागानंच ती चढली. नुसती भीती असती तर चढली नसती.

वर कोणी नव्हतं.

समोरच्या तारेवर कावळे बसलेले. ओळीनं. एकही ओरडत नव्हता. एकही खाली उतरत नव्हता. सगळ्यांची मान एकीकडंच.

त्या जागेकडं.

कुरडयांच्या मधोमध लुगड्याचा तेवढा तुकडा ओला होता. सांडलेलं पाणी पसरतं, त्याला आकार नसतो. याला होता. मांडीचा. टेकलेल्या एका हाताचा.

स्लॅबवर पाय ठरत नव्हता, एवढा तापलेला. तिनं वाकून त्या ओलाव्याला हात लावला.

गार.

माठाच्या बुडासारखा गार.

अन् तेव्हाच तिच्या छातीतून आग उठली. मान, कान, डोकं. धडधड. पळावं तर पाय उचलेना. डॉक्टरणीचं आठवलं म्हणून तिनं श्वास आत घेतला, हळूहळू सोडला. पुन्हा घेतला.

मानेवर वारा आला.

झाडाचं पान हलत नव्हतं. तरी वारा येत होता, थांबून थांबून... पदरानं कोणी घालावा तसा. तिची आग निवेपर्यंत येत राहिला. मग थांबला.

सरजाबाईनं मागं वळून बघितलं नाही. तशीच खाली आली. कोणाला बोलली नाही. बोलली असती तर कुसुमबाईंनी गुरुवारची वाट बघितली नसती, त्याच दिवशी गाडी बोलावली असती.

ऊन कलल्यावर कुरडया उलटायची वेळ झाली. रंगनाथ आला होता, ओसरीत बापाजवळ चहा पीत होता. कुसुमबाईंनी चिमीला कडेवर घेतलं. सरजाबाईनं हात पुढं केला होता. बबितानं तो बघितला, तरी पोर कुसुमबाईंकडं दिली. वर जाता जाता कुसुमबाई म्हणाल्या, "तुमी पडा, वहिनी. तुमाला आराम पायजे."

बबितामागोमाग सरजाबाईही चढली. आराम तिनं लग्नाआधी केला होता.

"हे पाणी कुणी सांडलं?" कुसुमबाईंनी विचारलं.

दिवसभराचं ऊन खाऊन भोवतीच्या कुरडया कडक झालेल्या. ती जागा ओलीच.

चिमी किरकिर करत होती. एकदम गप्प झाली.

मग हसली.

त्या जागेच्या थोडं वर बघून हसली... बसलेल्या बाईचं तोंड असतं, तिथं. तिनं दोन्ही हात पुढं केले. घ्यायला कोणी हात पसरले की पोर झेपावते, तशी झेपावली.

"ए चिमे, तिकडं काय?" कुसुमबाई म्हणाल्या.

अन् बोलता बोलता त्यांचा चेहरा लाल झाला. गळा लाल. कपाळावरून घामाची धार लागली. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. हात सैल पडला, पोर कडेवरून घसरली...

सरजाबाईनं तिला वरच्या वर घेतलं.

तिचा हात थरथरत होता. पण पोर सुटली नाही. बबितानं ते डोळ्यांनी बघितलं.

कुसुमबाईंना धरून खाली आणलं. ओसरीत बसवलं, पाणी दिलं. पोलकं चिंब झालेलं. "छातीत धडधडायलंय," एवढंच म्हणत राहिल्या. "वहिनी, वर... वर आई..."

सूर्यभान, रंगनाथ, बबिता, कुसुमबाई. चिमी सरजाबाईच्या मांडीवर. घरातलं सगळं माणूस ओसरीत होतं.

आणि वर...

टक्. टक्.

"हाऽऽ... हाऽऽ..."

रंगनाथच्या हातातला कप तसाच राहिला. बबितानं एकेकाकडं बघितलं. सगळे होते.

"आत्याबाई, वर कोण हाय?" तिनं सासूला विचारलं.

त्या कुरडया आजही पत्र्याच्या डब्यात पडून आहेत. एकही लाल पडली नाही. सरजाबाई त्या तळत नाही, फेकतही नाही. तिची आग अजून उठते, अजून निवते. मी घाबरत न्हाई, असं ती म्हणते. पण लाईट गेलेल्या दुपारी ती फरशीवर पडली की कान वरच लागलेला असतो. अन् जिना ती एकटी चढत नाही. गुरुवारची गाडी आली होती, ती कुसुमबाईंना पूर्णेला सोडायला गेली.

त्या दिवशी ओसरीत तिनं चिमीचं डोकं खांद्यावर टेकवलं, कुसुमबाईंकडं बघितलं, अन् सगळ्यांना ऐकू जाईल असं सावकाश बोलली.

"कुसुमबाई, माझ्या अंगात माझं वय शिरलंय. तुमच्या आईच्या अंगातबी तेच शिरलतं, अन् तुमी तिला डहाळीनं झोडपून घेतलं. आज तुमच्याबी दारात आलंय ते. मी काई देवऋषी बोलवत न्हाई. सेलूच्या डॉक्टरणीचा पत्ता देते, जावा. वर कोण बसलंय ते तुमाला मायीत हाय, मला विचारू नका. मला ती वारा घालती. तुमाला काय करंल, ते तुमचं तुमी बघा. अन् आजपासून माझ्या नातीला हात लावायचा न्हाई. तुमचा हात थरथरायलाय."