सॅम्पल फ्लॅट

भुरभुर पाऊस चुकवत ती त्या अर्धवट इमारतीच्या विक्री कार्यालयात शिरली, तेव्हा आतला विक्रेता घाईघाईने उठला.

"या ना… घर बघायचंय?"

तिने मान हलवली, आणि खोटं तिथेच सुरू झालं.

वकिलीची परीक्षा ती चांगल्या गुणांनी पास झाली होती. पण जमीन-मालमत्तेचं काम बघणाऱ्या दोन फर्मनी तिला एकाच प्रश्नावर परत पाठवलं होतं – या धंद्यातलं तुम्हाला ठाऊक काय? म्हणून तिसऱ्या मुलाखतीआधी ती एकेक बांधकाम पालथं घालत होती.

त्याने सॅम्पल फ्लॅट दाखवला. वरचं काम आठ महिने ठप्प होतं, क्रेन गंजली होती. इथे मात्र पडदे, उशा, सगळं जागच्या जागी.

"सकाळचं ऊन थेट इथे येतं," तो म्हणाला. बाहेर आभाळ काळवंडलेलं. दोघांनाही हसू आलं.

ती पुन्हा गेली. मग पुन्हा. चौथ्यांदा त्याने दोघांसाठी चहा ओतला आणि कपाकडे बघत म्हणाला, "तुम्ही घर घेणार नाही आहात… पहिल्याच दिवशी कळलं मला."

ती ओशाळली. "कशावरून?"

"घर घेणारे आधी खिडकीतून काय दिसतं ते बघतात. तुम्ही मंजुरीचे कागद मागितलेत."

"मग दर वेळी सगळं घर का दाखवलंत?"

"तुम्ही लगेच निघू नये म्हणून…"

मग त्यानेच सांगून टाकलं. बांधकाम परवानगीची मुदत कधीच संपली होती. मालक तरीही बुकिंग घेत होता. "मुलाखतीत सांगा हे. अडकलेल्या लोकांचं तरी भलं होईल."

"आणि तुमची नोकरी?"

तो उठला आणि कप विसळायला लागला.

तिने मुलाखतीत ते सांगितलं. तिला नोकरी लागली. महिनाभरात फर्मने अडकलेल्या लोकांच्या वतीने दावा लावला आणि विक्री कार्यालयाला कुलूप लागलं. त्या संध्याकाळी ती धावतपळत पोचली, तर तो बॅग घेऊन फाटकाशी उभा. थोरल्या बहिणीच्या गावी निघाला होता. मेव्हण्यांनी गोदामात काम बघून ठेवलं होतं.

"माझ्यावर राग आहे?"

"नाही. रोज खोटं बोलून जीव विटला होता."

तिच्या ओल्या केसांतलं पाणी गालावर ओघळत होतं. "मला तू आवडतोस," ती म्हणाली. 'तुम्ही' कधी गळून पडलं, तिलाही कळलं नाही.

त्याने बॅग खाली ठेवली. "बस्तान बसलं की येईन मी… तोवर थांबशील?"

"थांबणार नाही. रविवारी सुट्टी असते, मीच येईन."

त्याने बहिणीचा पत्ता लिहून दिला. पावसात अक्षरं फुटायला लागली, तशी तिने तो तिथेच उभ्या उभ्या पाठ करून टाकला.