रविवारच्या जेवणाला तिघं

दिवा जरा इकडं सरकव, सोनाली. एकदा लाईट गेली की आमच्या ढोकीत लवकर येत नाही, तोवर बसू अशाच. सासूबाई आत झोपल्यात. तुझे काका दुकान बंद करून यायला अजून वेळ आहे. मघाशी तू विचारलंस, मावशी, तुम्ही दोघं दर रविवारी हॉटेलात जेवायला जायचात, मला ताटांचे फोटो पाठवायचात, ते एकदम बंद का झालं. मी हसून विषय टाळला. पण तू माझ्या सख्ख्या बहिणीची लेक आहेस आणि हे कुणाला तरी सांगून ठेवायला हवं. भीती वाटली तर वाटू दे, पण मधेच उठून जाऊ नकोस.

मी बिजवराला दिलेली, हे तुला ठाऊक आहे. यांची पहिली बायको शिवकांता काविळीनं गेली आणि वर्षाच्या आत मला बघायला आले. माझं वय वाढलेलं होतं, त्यामुळं बिजवर चालेल असं घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मला विचारलं, नाही असं नाही, पण विचारताना आई भांडी आवरत होती. सास्तूरहून इथं आल्यावर उंबरा ओलांडायच्या आधी सासूबाईंनी माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक बांधला. हा बघ. नखाएवढा आहे, वर बाईचा पुसट चेहरा आहे. पहिली वारलेली असली की दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे ती सवतीपणा करत नाही म्हणे. काही घरांत अजून पाळतात. गाठ मारताना सासूबाई कानाशी म्हणाल्या, "हिला दाखवल्याबिगर तोंडात घास घालू नगंस."

तेव्हापासून या घरात सगळं आधी तिचं. ताटातला पहिला घास टाकाला लावून बाजूला काढायचा. नवं लुगडं आधी टाकाला टेकवायचं, मग मी नेसायचं. संक्रांतीचं वाण, नागपंचमीच्या बांगड्या, सगळ्यात ती पुढं आणि मी तिच्यामागं. सोनाली, मेलेल्या बाईशी भांडता येत नाही, हाच मोठा ताप असतो. जिवंत सवत असती तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या आणि मोकळी झाले असते. यांच्याकडं तक्रार करावी, तर हे असे अबोल. ट्रॅक्टरचे सुटे भाग विकून विकून यांचं बोलणंही तसंच झालंय, मागेल तेवढंच देतात.

म्हणून एका रविवारी हे आपण होऊन म्हणाले की चल, आज बाहेर जेवू, तेव्हा मला खरं वाटेना. येडशीच्या रस्त्याला एका ढाब्यावर गेलो. ताट आलं. सवयीनं मी पहिला घास मोडून गळ्याकडं नेला, तर यांनी माझा हात धरला. इथं नको, लोक बघतात, म्हणाले. मी घास सरळ तोंडात घातला. साधी शेवभाजी होती, तर्री वर आलेली, घशाला झोंबणारी. पण लग्न झाल्यापासून माझा पहिला घास मला तिथं मिळाला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. यांना वाटलं, तिखट लागलं.

मग आमचा रिवाजच पडला. कधी धाराशिवला स्टँडमागच्या खानावळीत काळं मटण आणि बाजरीची भाकरी, कधी सकाळीच निघून चुरमुऱ्यांचा सुशीला आणि मिरची भजी, कधी पार माकणीपर्यंत, धरणाजवळच्या खाजामियाँच्या हॉटेलात मासे. मी आठवडाभर रविवारची वाट बघायचे. घर तिचं असू दे, देवघर तिचं असू दे, पण हॉटेलातली ती खुर्ची माझी होती. यांच्यासमोरची. एवढंच मला हवं होतं, आणि ते मिळालंय असं मला वाटत होतं.

मग एका दुपारी नव्या ढाब्यावर वेटरनं तीन ग्लास पाणी आणून ठेवलं. मी म्हटलं, दोघंच आहोत. त्यानं आमच्या शेजारच्या खुर्चीकडं बघितलं, आणि तो ग्लास तसाच ठेवून गेला. चूक झाली असेल, असं म्हणून मी सोडून दिलं. जेवण झाल्यावर मात्र तो तिसरा ग्लास अर्धा झालेला होता. यांनी प्यायला असेल म्हणून मी तेही सोडून दिलं.

पुढच्या रविवारी तेरच्या रस्त्याला एका हॉटेलात गेलो. तिथं आम्ही आधी कधी पाऊल टाकलं नव्हतं. मालकाचं नाव गुंडप्पा, बोलका माणूस, स्वतः टेबलाशी आला. भाजी सांगून झाली तसा तो सहज म्हणाला, "वहिनींना तिखट कमीच ना? आन् भाकरी कडक."

मला तिखट किती लागतं ते तुला माहीत आहे. कमी तिखट आणि कडक भाकरी शिवकांताला लागायची, सासूबाई उठता-बसता सांगायच्या. मला वाटलं, हे तिला घेऊन इथं येत असणार. म्हणजे हीसुद्धा जागा आधी तिचीच. गुंडप्पा आत गेल्यावर मी विचारलं, आणि आवाज न चढवता विचारलं, की कितीदा आणलंत तिला इथं?

हे बशीतली कांद्याची फोड इकडून तिकडं करत राहिले.

"तिला म्या कधीच हॉटेलात न्हेलं न्हाय," शेवटी म्हणाले. "लई म्हणायची... येकदा न्या, येकदा न्या. म्या म्हणायचो, घरच्यावानी जेवण हॉटेलात असतंय व्हय. मग ती गेलीच."

"मग मला का आणता?"

हे माझ्या तोंडाकडं बघत नव्हते. माझ्या गळ्याकडं बघत होते.

"तू आलीस की ती बी येती," म्हणाले.

त्यानंतर मी काय जेवले मला आठवत नाही. म्हणजे इतके रविवार मी नटून गाडीवर मागं बसत होते ती कशाला? टाक अडकवायला गळा हवा म्हणून. मी बायको नव्हते, खुंटी होते. घरी येऊन रात्रभर तळमळले आणि मनाशी ठरवलं, पुढच्या खेपेला मी एकटी जाणार. ही बया घरी राहील.

तिथंच मी चुकले. मला वाटलं, टाक म्हणजे ती. काढून ठेवला की ती राहिली मागं.

रविवारी सकाळी मी टाक सोडला, हळदीच्या डब्यामागं ठेवला आणि गळ्याभोवती पदर घट्ट लपेटून गाडीवर बसले. माकणीला जायचं होतं. वाटेत हे एरवीसारखेच गप्प होते. धरणाचं पाणी दिसायला लागलं तसं हे एकदम गुणगुणायला लागले. इतक्या दिवसांत मी यांना कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मला बरं वाटलं. म्हटलं, बघ, टाक नाही तर माणूस कसा मोकळा झाला.

दुपारचं लख्ख ऊन होतं. हॉटेलात तळलेल्या माशांचा वास, पंख्याची घरघर, दोन-तीन टेबलांवर माणसं. खाजामियाँ आम्हाला ओळखत होते. "आवो भाऊ, बैठो, मासे आत्ताच आलेत," म्हणाले आणि दोन ग्लास घेऊन आले. एक यांच्यासमोर ठेवला. दुसरा यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढं ठेवला. मी समोर बसले होते. मी म्हटलं, चाचा, पाणी इकडं द्या. ते वळून गेले. मी पुन्हा मोठ्यानं म्हटलं. शेजारच्या टेबलावरच्या कुणीही मान वर केली नाही.

दोन ताटं आली. एक यांचं, एक त्या खुर्चीपुढं. ताटाभोवती आता मासळीचा वास नव्हता, ओल्या हळदीचा होता. यांनी आपल्या भाकरीचा तुकडा मोडला आणि त्या ताटात ठेवला. मग हे हसले. सोनाली, तसं हसणं या माणसाकडं आहे हे मला माहीत नव्हतं. मला त्या घडीला भुताची भीती नाही वाटली, खरं सांगते. त्या हसण्याचा मत्सर वाटला.

"अहो..." मी म्हटलं. मग त्यांच्या मनगटावर हात ठेवला. माशी हाकलावी तसा त्यांनी हात झटकला, आणि बोलत राहिले. दुकानातलं, आईच्या गुडघ्यांचं, यंदा बांधलेल्या न्हाणीघराचं. मधे थांबायचे, ऐकायचे, मान हलवायचे. आणि त्या दुसऱ्या ताटात माशाचे काटे एकेक करून कडेला जमत होते. नीट लावून ठेवलेले. मी टक लावून बघत होते, तरी काटा कधी बाजूला यायचा ते दिसायचं नाही... पुन्हा बघावं तर एक वाढलेला असायचा.

जेवण झाल्यावर हे बाहेर गेले, गाडी चालू केली आणि पाय टेकून थांबले, मागचं माणूस नीट बसेपर्यंत थांबतात तसे. मागची सीट खाली दबली. मग गाडी गेली. मी उंबऱ्यात उभी होते आणि खाजामियाँ केरसुणी घेऊन माझ्या पायांवरून झाडत होते.

मी बस बदलत बदलत घरी आले. कंडक्टरनं तिकीट विचारलं नाही. एका बाईनं माझ्या मांडीवर पिशवी ठेवली, रिकाम्या जागेवर ठेवावी तशी. मी रडले तेही कुणाला ऐकू गेलं नाही. घरी दिवेलागणीला सासूबाई दारात ज्वारी पाखडत होत्या, मी अगदी समोर उभी राहिले तरी सूप थांबलं नाही. मी तशीच आत गेले, हळदीचा डबा सरकवला आणि टाक गळ्यात बांधला. लगेच बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "कवा आलीस गं?"

तेव्हा कळलं की मी उलटं समजले होते. टाक होता म्हणून मी होते. या घरानं मला तिच्या नावावर आत घेतलं होतं आणि तिला गळ्यात वागवत होते तोवरच माझी जागा माझी होती. टाक उतरवला, आणि मीच ती जागा रिकामी करून दिली.

हे थोड्या वेळानं आले. मी घरी कशी पोचले, विचारलं नाही. माझ्याजवळ बसले. चांगले जवळ बसले.

"आज बरं वाटलं," म्हणाले. "पुढच्या रविवारी बी गळ्यात ते नगं घालूस."

मी भांडले. टाक त्यांच्या अंगावर फेकला नाही एवढंच, बाकी सगळं बोलले. मी माणूस आहे की नाही, विचारलं. हे ओरडले नाहीत. चार दिवस जेवले नाहीत, आणि शनिवारी रात्री लहान पोरासारखे रडले. रविवारी सकाळी हे माझ्यामागं येऊन उभे राहिले, केस बाजूला केले आणि दोऱ्याची गाठ सोडायला लागले. इतक्या हलक्या हातानं. तुला सांगू नये, पण सांगते. आठवड्यात तेवढ्याच वेळेला ते मला हात लावतात. म्हणून मी मान पुढं करते. तू मला मूर्ख म्हण, मीही स्वतःला रोज म्हणते.

तेव्हापासून असं चाललंय. हे टाक सदऱ्याच्या खिशात घालून नेतात. मी दिवसभर या घरात असते आणि नसते. संध्याकाळी परत येऊन हे चाचपून गाठ बांधतात, मग मी दिसायला लागते. फोटो कसे पाठवू तुला? हॉटेलात आता मी नसतेच.

पण तुला हे आजच सांगायचं कारण वेगळं आहे. मागच्या रविवारी हे उशिरा आले, छान मूडमध्ये होते, आणि गाठ बांधायला विसरले. सकाळी टाक खिशातच घेऊन दुकानात गेले. दुपारी आठवण झाली तेव्हा आले. उद्या पुन्हा रविवार आहे. परवा सकाळी तू ये, दारातून मला महानंदा म्हणून हाक मार, आणि मी दिसले नाही तर यांच्या खिशातून टाक काढून हळदीच्या डब्यामागं ठेव, मी बांधून घेईन. ठेवशील ना?

कारण त्या सोमवारी सकाळी सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसल्या आणि आत बघत म्हणाल्या, "शिवकांता, च्या ठेव." मी ठेवला. सवयच ती. कप त्यांच्यापुढं ठेवला, तो उचलून त्या सावकाश प्यायल्या.

"तू गेल्यापासनं असा च्या मिळाला न्हाय बघ," म्हणाल्या.

मग रिकामा कप त्यांनी पुढं केला. माझ्याकडं नाही, माझ्या शेजारी. आणि सोडला.

तो खाली पडला नाही.