वारं समोरून हाये

लाईट गेली होती. धाड गावच्या बाजारातल्या एका बंद दुकानाच्या ओट्यावर जानराव मास्तर बसले होते आणि समोर गावातली चार-पाच पोरं. त्यांतल्या गोविंदाला त्या दिवशी बियाण्याच्या कंपनीचा माणूस भेटून गेला होता. बोर्डावर तुमचा फोटो छापू, खाली मोबाईल नंबर टाकू, पुढं विमानाची सहलही होईल, असं काय काय तो बोलला होता. गोविंदाचे पाय जमिनीवर नव्हते.

"फोटो द्याचा का नाही ते तू पाह्य बाबू," मास्तर म्हणाले. "पण आधी इंद्रभानचं ऐकून घे. मले त्यानं सोता सांगतलं. वाहेद बाजूलेच बसून होता, तो एका शब्दानं नाही म्हटला नाही."

मास्तरांनी तोंडातली तंबाखू थुंकली आणि वर्गात सांगत तसं सावकाश, शुद्ध भाषेत सांगायला लागले.

इंद्रभान त्या रात्री फक्त पाणी आणायला निघाला होता. मंगळवार होता, पंधरा मे, दोन हजार अठरा. अमावस्या. त्याच्या घड्याळात दोनला दहा कमी होते, पण तिथल्या भिंतीवरचं घड्याळ अकरा वीस दाखवत होतं. कारण इंद्रभान धाडमध्ये नव्हता. तो ग्रीस देशातल्या सँटोरिनी नावाच्या बेटावर होता आणि वरच्या खोलीत त्याचा जिवाभावाचा दोस्त वाहेद पाय पसरून पडला होता. तिथल्या नळाला पाणी येतं पण खारट. पिण्याचं विकत आणावं लागतं. "दोन बाटल्या आण बे, घशाले कोरड पडली," वाहेद म्हणाला, आणि इंद्रभान चपला घालून उतरला.

आता हे दोघं तिथं पोचले कसे ते ऐका. वाहेदचं इथं कृषी सेवा केंद्र. आदल्या हंगामात कंपनीनं ठरवून दिलेली पाकिटं त्यानं विकून दाखवली, म्हणून दोघा जणांची सहल लागली. बायकोला, अमीनाला, विमानाचं नाव काढलं तरी धडधड व्हायची. वाहेद म्हणाला, इंद्रभानच येईल, बियाणं त्याच्या फोटोवर खपलं. दोघं पहिलीपासून एका बाकावरचे. एकाच्या डब्यातलं दुसऱ्यानं खाल्लेलं. रमजान दोन दिवसांवर होता, रोजे लागायच्या आत परतायचं, म्हणून वाहेद चार दिवस नुसता उधळला होता. सगळी घरं पांढरीफेक, खाली निळाशार समुद्र, आणि हा मोठ्यानं ओरडतो, "अबे इंद्या, पोळ्याच्या आधी सारं गाव चुन्यानं रंगवलं का बे यायनं?" गोरी माणसं वळून बघायची.

इंद्रभान हसायचा. पण त्याला आतून हसू येत नव्हतं.

तो बोर्डावरचा फोटो, पोरांनो, त्याच्या वावरातला नव्हताच. कंपनीच्या पोरानं त्याला दुसऱ्याच्या ठिबकवरच्या कपाशीत उभं केलं होतं, छातीएवढ्या. इंद्रभानला त्या वर्षी एकरी नऊ क्विंटल झाले होते. पोरानं विचारलं, "अठरा लिहू का दादा?" इंद्रभान काही बोलला नाही. पोरानं अठरा लिहिलं. खाली नंबर टाकला. महिन्याभरात धाडपासून अमडापूरपर्यंत प्रत्येक फाट्यावर इंद्रभान फेटा बांधून हसत होता.

आणि फोन यायला लागले. त्यात एक होता कडूबा, अमडापूरकडचा. तीन एकराचा माणूस, कधी न पाहिलेला. "भाऊ, खरंच अठरा झाले का?" इंद्रभान म्हणाला, हाव. त्या एका होकारावर कडूबानं त्याला गुरू केलं. पेरू कधी, खत कोणतं, डवरा कधी मारू. इंद्रभानलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. त्यानं नंबर जपून ठेवला होता, 'कडूबा अमडापूर' म्हणून.

मग बोंडअळी आली. ज्या बियाण्यावर अळी येणारच नाही असं सांगितलं होतं, त्याच बोंडांत गुलाबी अळी निघाली. ऑक्टोबरात कडूबाचा फोन आला तेव्हा इंद्रभान वाहेदच्या दुकानात बसला होता. नेमकी त्याच दिवशी सहलीची यादी आली होती, पेढे वाटणं चाललं होतं. "भाऊ, अळी पडली. दोन औषधं आणली, कोणतं मारू?" इंद्रभाननं फोनवर हात ठेवून वाहेदला विचारलं. वाहेद गिऱ्हाइकात होता, वर न बघता म्हणाला, "दोन्ही औषधं कालवून मार म्हणा." इंद्रभाननं तसंच सांगितलं. अर्ध्या तासानं त्याचा पुन्हा फोन आला, "भाऊ, टाकी भरून उभा हाये. पऱ्हाटी डोक्याएवढी झाली, अन् वारं समोरून हाये. आज मारू का उद्या?"

इंद्रभानच्या तोंडात पेढा होता. "मारा, मारा," तो म्हणाला आणि फोन कापला.

पाचव्या दिवशी पेपरात बोटभर बातमी. फवारणी करताना विषबाधा, शेतकरी दगावला. नाव, गाव, वय. इंद्रभाननं पेपर घडी करून गुरांच्या कोठ्यात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांखाली दडवला. बायकोला, विमलबाईला, सांगितलं नाही. वाहेदला सांगितलं नाही. मयतीला गेला नाही, तेरवीला गेला नाही. सात महिने तो रस्त्यानं जाताना बोर्ड आला की मान खाली घालायचा. सहलीला नाही म्हणावं असं हजारदा मनात आलं, पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

तर असा तो माणूस, दोन बाटल्या बगलेत धरून, त्या पांढऱ्या पायऱ्या चढून परत येत होता. बाजूनं दुसऱ्या पायऱ्या खाली थेट समुद्रात उतरत होत्या, शेदोनशे तरी असतील. चार दिवस त्या बेटावर वारा नुसता अंगावर येत होता. त्या क्षणाला वारा पडला. पानही हलेना.

आणि खिशातला फोन वाजला.

इंद्रभाननं सवयीनं काढला. आणि मग त्याला आठवलं. फोनमध्ये सिम नव्हतं. निघतानाच काढून त्यानं विमलबाईजवळ दिलं होतं. फोन आणला होता तो नुसता फोटो काढायला.

पडद्यावर नाव होतं. कडूबा अमडापूर.

वाजत राहिला. वाजत राहिला. त्यानं बटण दाबलं नाही. तरी वाजणं थांबलं, आणि आवाज आला.

"भाऊ..."

इंद्रभानच्या बगलेतली एक बाटली निसटली. पायऱ्यांवरून ठण् ठण् करत खाली गेली.

"भाऊ, टाकी भरून उभा हाये. वारं समोरून हाये. मारू का?"

मग एक आवाज आला. खटक... खटक... पाठीवरच्या पंपाचा दांडा हलवतात तो. आपल्या ओळखीचा. पण तो फोनमधून येत नव्हता.

तो खालून येत होता.

पायऱ्यांवर, वीसेक हात खाली, एक माणूस उभा होता. पाठमोरा. पाठीवर पंप. तोंडाला बांधलेल्या दुपट्ट्याची गाठ मानेवर. पांढऱ्या भिंतींमध्ये तेवढा एक काळा. त्याचं तोंड समुद्राकडं होतं.

वारा सुटला. समुद्राकडून. समोरून.

"मारू का भाऊ?"

इंद्रभाननं फोन छातीशी दाबून धरला.

खटक. खटक. फुस्स.

औषधाचा वास आला. तोच. उग्र, गोडसर, घशात बसणारा. तुषार वाऱ्यावर मागं आले. त्या माणसाच्या अंगावरून, थेट इंद्रभानच्या तोंडावर. डोळ्यांची आग झाली. खालचा माणूस खोकला. वाकला. पुन्हा ताठ झाला. पुन्हा तसाच थांबला... वाट बघत.

"भाऊ?"

तेवढ्यात वर गच्चीवरून वाहेदचा आवाज. "काऊन बे इंद्या? कोणासंग बोलून राह्यला? सिम तं नाही तुह्याजवळ."

आता बघा, पोरांनो. खाली तो. वर हा. गप्प राहावं तर तो खाली पुन्हा दांडा हलवणार. बोलावं तर वर सगळं उघडं पडणार. इंद्रभान मला म्हणाला, मास्तर, मले भुताचं भेव कमी वाटलं, वाहेद ऐकून राह्यला याची लाज जास्त वाटली. इतकी लाज वाटली का उडी मारावी वाटलं.

खाली हात दांड्याकडं गेला.

"नका मारू!" इंद्रभान ओरडला. "नका मारू कडूबा भाऊ! वारं समोरून हाये. मी खोटं बोललो. मले अठरा नाही झाले, नऊ झाले. ते वावर माह्यं नव्हतं. मले काही समजत नाही औषधातलं. माह्या तोंडात पेढा होता, म्हून मी मारा म्हटलं... ओतून द्या ते. टाकी चांगली धुऊन काढा. घरी जा. हात जोडतो."

दांडा थांबला.

सगळं थांबलं.

मग फोनमधून की खालून, ते इंद्रभानला आजही सांगता येत नाही. अगदी साधा, नेहमीचा आवाज.

"बरं भाऊ."

आणि पावलं वाजली. एक एक पायरी. खाली... खाली... समुद्राकडं.

वाहेद धावत आला तेव्हा इंद्रभान पायरीवर बसून लहान पोरासारखा रडत होता. हातातल्या फोनचा पडदा काळा होता. वाहेदनं कोणालाच पाहिलं नव्हतं. पण ते शेवटचे दोन शब्द त्यानंही ऐकले होते. तो शेजारी बसला आणि इंद्रभाननं त्याला पेपरातल्या बातमीपर्यंत सगळं सांगितलं. वाहेद म्हणाला, "दोन्ही कालवून मार, हे मी म्हटलं होतं ना बे?" इंद्रभाननं मान डोलावली. त्या रात्री दोघांपैकी कोणी पाणी प्यायलं नाही.

गावी पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी दोघं मोटरसायकलनं अमडापूरकडं निघाले. वाहेदचा रोजा होता, वर ऊन मी म्हणत होतं, पण त्यानं एकदाही गाडी सावलीला घेतली नाही. कडूबाचं घर गावाच्या टोकाला. कोठ्याच्या टिनावर पावसासाठी जुना बोर्ड अंथरलेला, दोरीनं बांधलेला. त्यावर इंद्रभान फेटा बांधून हसत होता.

कडूबाची बायको कलाबाई गोवऱ्या रचत होती. तिनं एकदा बोर्डाकडं पाहिलं, एकदा माणसाकडं. "त्यायनंच आणला होता," ती म्हणाली. "म्हणे आपल्या भाऊचा फोटू हाये, पायाखाली नको जाले."

इंद्रभाननं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पेढ्यासकट. वाहेदनं आपलं सांगितलं. दोघांच्या माना वर नव्हत्या. कलाबाई रडली नाही, ओरडलीही नाही.

"तुमी नको म्हटलं असतं तं त्यायनं फवारा नसता मारला," एवढंच ती म्हणाली. "तुमचं लय ऐकत होते ते."

इंद्रभान सांगतो, तिनं चप्पल मारली असती तर सोपं गेलं असतं.

दोघं वळले. आणि कोठ्याच्या दाराशी इंद्रभानचे पाय थांबले. आत खुंटीला पंप टांगलेला होता. त्याच्या बुडातून पाणी ठिपकत होतं. टप... टप... खाली ओल झाली होती आणि गाय मान लांब करून ती ओली माती चाटत होती. चाटतच होती.

"अवो, विषाचा पंप हाये तो! गाय हटवा!" वाहेद म्हणाला.

"काही होत नाही तिले. चार दिस झाले चाटून राह्यली," कलाबाई म्हणाली. "पंप मी सोता रिकामा करून टांगला होता, दिवाळीच्या आधी. तवापासून कोणी हात नाही लावला. पाणी कुठून येऊन राह्यलं, देवालेच ठाऊक."

इंद्रभान आत गेला. पंपाला औषधाचा वास नव्हता. धुऊन काढल्यासारखा स्वच्छ होता. त्यानं ठिपकणाऱ्या पाण्याखाली बोट धरलं आणि जिभेला लावलं.

वाहेद रोजेदार. त्याला चाखता येत नव्हतं. तो नुसता इंद्रभानच्या तोंडाकडं बघत होता.

"खारं हाये का बे?" त्यानं विचारलं.

इंद्रभाननं डोळ्यांनीच हो म्हटलं. तो कलाबाईकडं वळला. "वहिनी... हे कधीपासून ठिपकून राह्यलं?"

"अमावशेच्या रातीपासून," ती म्हणाली.