लाडो बरी झाली

मांजराला डॉक्टर निवडायचा म्हटल्यावर सगळा गवळीवाडा सल्ला द्यायला धावला. कुणी म्हणालं हळद चाटवा. कुणी म्हणालं मांजर आपलं आपण गवत खाऊन बरं होतं. चाँदभाई चिक्कीवाले तर दुकानातूनच ओरडले, "इर्शाद, माणसांना बेड मिळत नाहीत आणि तू मांजर घेऊन हिंडणार? लोक हसतील रे!"

लोकांच्या हसण्याचं इर्शादभाईंना काही पडलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांना हल्ली कशाचंच काही पडलेलं नव्हतं. बायको, जैनब, गेली त्याला वर्ष होत आलं होतं. मयतीला आलेले लोक म्हणाले, काय धीराचा माणूस, डोळ्यातून टिपूस नाही. धीर कसला डोंबलाचा! आत काही हललंच नव्हतं. इर्शादभाईंचं मोटर वाइंडिंगचं दुकान. मोटर जळली की वास येतो, तार काळी पडते, कुठं बिघडलं ते बोट ठेवून दाखवता येतं. स्वतःच्या बाबतीत त्यांना तसं काही सापडत नव्हतं. ते दुकान उघडायचे, चहा प्यायचे, दुकान बंद करायचे.

रात्री मात्र लाडो येऊन पायांवर बसायची. ती जैनबची मांजर, तांबूस, एका कानाचा तुकडा गेलेली. तिचं वजन पायांवर पडलं की इर्शादभाईंना झोप लागायची. जैनबनं जाताना दागिन्यांचं काही सांगितलं नाही, की दोह्याला हॉटेलात काम करणाऱ्या मुलाचं, फरदीनचं, काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "माझ्या लाडोला घराबाहेर काढू नका." इर्शादभाईंनी हो म्हटलं होतं.

आता हे आजारपण कुठून आलं, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

फरदीनची मुलगी नूर दिवाळीच्या सुट्टीत तापानं आडवी झाली. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, रक्त तपासून झालं. ताप हटेना. आणि पोरीचं एक विचित्र सुरू झालं. कपाळावरच्या पट्ट्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या वाडग्यात ती डावा हात मनगटापर्यंत बुडवून ठेवायची आणि पाण्याकडे बघत बसायची. पाणी प्यायला दिलं तर घोट घ्यायची नाही. हात बाहेर काढला की पुन्हा बुडवायची.

सून आयरा हबकली. "अब्बा, सदका काढा."

त्यांच्यात हे चालत आलेलं. घरात कुणी जास्त आजारी पडलं की कोंबडी नाहीतर अंडी त्याच्या डोक्यावरून उतरवायची आणि गरिबाला देऊन टाकायची. आजाऱ्यावरची बला त्या चीजेबरोबर घराबाहेर जाते म्हणतात. फक्त एक पाळायचं. उतरवलेली चीज घरात ठेवायची नाही, आणि गेलेली परत आणायची नाही.

इर्शादभाईंचा यावर काडीचा विश्वास नव्हता. त्यात नेमकं कोंबडीवाल्याचं शटर खाली. आयरा रडायला लागली, पोरगी पाण्याकडे बघत बसलेली. इर्शादभाईंचं डोकं फिरलं. पलंगाखाली लाडो पहुडली होती, तिला त्यांनी मानेला धरून उचललं आणि नूरच्या डोक्यावरून गरागरा फिरवलं.

"घे! जिवाचा सदका जीव. झालं समाधान?"

सकाळी नूरचा ताप उतरला. उठली ती पोहे मागत. इर्शादभाई हसले, आयराही हसली. संध्याकाळी स्वयंपाकघरात लाडो आपल्या वाडग्यासमोर बसलेली दिसली. डावा पंजा पाण्यात होता. पीत काही नव्हती. नुसती पाण्याकडे बघत होती.

"अब्बा, तिला कुणाला तरी देऊन टाका," आयरा म्हणाली. आता ती हसत नव्हती. "सदक्याची आहे ती."

"सदक्याची नाही, जैनबची आहे," इर्शादभाई म्हणाले, आणि डॉक्टर शोधायला निघाले.

पहिला दवाखाना तुंगार्लीकडचा, मुंबईच्या बंगलेवाल्यांचा. एसी, सोफा, भिंतीवर गोऱ्यापान कुत्र्यांचे फोटो. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "ब्रीड कोणतं, अंकल?"

"गवळीवाडा," इर्शादभाई म्हणाले.

तिथला डॉक्टर मात्र भला होता. लाडोला पोटापासून दातांपर्यंत तपासलं, रक्त काढलं, आणि दुसऱ्या दिवशी डोकं खाजवत म्हणाला, "अंकल, रिपोर्ट तर ठणठणीत मांजराचा आहे." तो हे सांगत असताना टेबलावर लाडोचा डावा पंजा हवेत लोंबत होता. जणू खाली कुठंतरी पाणी होतं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर नव्हते. पवनानगरच्या बाजूला म्हशींच्या लसीकरणाला गेले होते. तिथला माणूस पिशवीत डोकावला आणि म्हणाला, "गाय असती तर काहीतरी केलं असतं."

लाडोची पाठ आता हाताला करवतीसारखी लागत होती. रात्री ती पायांवर यायची, पण वजन असं पडायचंच नाही. इर्शादभाई छताकडे बघत पडायचे. झोप गेली होती, आणि त्याचंही त्यांना फार काही वाटत नव्हतं. एवढंच कळत होतं, की ही गेली तर जैनबचं म्हणून या घरात काही राहणार नाही.

दुकानासमोर रिक्षा लावणारा गोरख औंढ्याचा. तो म्हणाला, "आमच्या गावाच्या कडंला एक दवाखाना हाय. बाई हाय डाक्टर. तितं जनावर मरत न्हाई."

"मरत नाही म्हणजे?"

"न्हाई मरत. कसंबी न्या, बरं हुतं."

"अरे मग आधी नाही का सांगायचं? तुझा कुत्रा गेला मागच्या महिन्यात, त्याला का नाही नेलंस?"

गोरखनं रिक्षाची काच पुसायला घेतली. काच स्वच्छच होती. "आमी गाववाले न्हाई नेत," तो म्हणाला.

निघताना आयरा दारात आडवी उभी राहिली. सासऱ्यापुढं तिचा आवाज कधी चढला नव्हता, त्या दिवशीही चढला नाही. "न्यायची तर न्या, अब्बा. पण परत आणू नका. तिथंच सोडा. हात जोडते." मागं नूर फरशीवर खडूनं घर काढत होती. तिनं मान वर करून लाडोला टाटा केलं.

दुपारची वेळ. भातकापणी झालेली, खाचरांत नुसती धसकटं उरलेली, पलीकडून एक्स्प्रेस हायवेची घरघर. दवाखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. पाटीवर 'जनावरांचा दवाखाना' एवढंच, डॉक्टरचं नाव नाही. गोरख बांधापाशीच थांबला.

बाहेर बाकावर एक नवराबायको बसले होते. नवरा चांगला धडधाकट गडी. त्यानं खांद्यावर शेळी आणली होती, तिचे मागचे पाय लुळे लोंबत होते. इर्शादभाईंनी सहज विचारलं, "काय झालं हिला?"

"बसली ती उठंना," बाई म्हणाली. तिचं नाव शालन. ती नवऱ्याकडं बघून म्हणाली, "म्या नगं म्हनत हुते."

"गप," नवरा म्हणाला.

शेळी आत गेली. दार लागलं. आतून काही आवाज नाही. दवाखान्यात एक डेटॉलचा वास असतो, तोही नव्हता. ओल्या मातीचा येत होता, आणि ओल्या मातीचे तर ते दिवस नव्हते.

दार उघडलं, शेळी टुणकन उडी मारून बाहेर आली आणि बांधावरचं गवत ओढायला लागली. इर्शादभाई कौतुकानं म्हणाले, "वा! नशीबवान आहात." शालननं नवऱ्याच्या काखेत हात घातला. तो बाकावरून उठत होता, पण पाय त्याचं ऐकत नव्हते. बसून बसून मुंग्या आल्या असतील, इर्शादभाईंनी मनाशी म्हटलं. त्याला ओढत शालन बांधापर्यंत गेली. शेळी पुढं उड्या मारत होती.

डॉक्टरीणबाई साध्याच होत्या. चष्मा, सुती साडी. लाडोला त्यांनी हातही लावला नाही.

"घरात हिच्या आधी कोण आजारी होतं?"

इर्शादभाईंना राग यायला हवा होता. आला नाही. "नात," ते म्हणाले. "बरी आहे आता."

बाईंनी मान हलवली. "मांजर इथं ठेवून गेलात तर मी सांभाळीन. फार दिवस नाही राहायची. पण तुमच्या घरी मग काही त्रास नाही."

"आणि बरी केली तर?"

"बरी तर होईल. पण मग घरी न्यावी लागेल. बरं झालेलं जनावर मी ठेवत नाही."

इर्शादभाई उभे राहिले. आयराचे जोडलेले हात आठवले. शालनच्या नवऱ्याचे पाय आठवले. मग पिशवीतून लाडोनं त्यांच्या बोटाला डोकं घासलं, जैनबला घासायची तसं. माणूस विचार करतो तो कशानं, कोण जाणे. त्यांनी विचार केला तो एवढाच, की मी वाइंडिंगवाला आहे, मला कळतं, तार तुटली तर करंट दुसऱ्या घरात जात नाही.

"बरी करा," ते म्हणाले.

दार लागलं. उघडलं. लाडो चालत बाहेर आली, आळस दिला आणि मोठ्यानं ओरडली. भूक लागली की ओरडायची तश्शी.

परतताना गोरख आरशातून पिशवीकडं बघत होता. "तितंच ठेवून यायची हुती, चाचा," तो म्हणाला.

दार आयरानं उघडलं. आधी तिनं इर्शादभाईंचा चेहरा बघितला, मग पिशवी. पिशवी हलत होती. तिनं पदर तोंडाशी नेला.

"आणलीत," ती म्हणाली.

"बरी झाली. बघ तरी."

"नूर मघापर्यंत खेळत होती," आयरा म्हणाली. "आत्ता पाणी प्यायला म्हणून आत गेली."

इर्शादभाईंनी पिशवी खाली ठेवली. लाडो शेपटी उभारून त्यांच्या पुढं पुढं स्वयंपाकघरात गेली.

नूर ओट्याखाली गुडघे मोडून बसली होती. समोर लाडोचा वाडगा. डावा हात मनगटापर्यंत पाण्यात.

"नूर?"

तिनं वर बघितलं नाही.

इर्शादभाईंना भीती वाटली. वर्षभरात पहिल्यांदा त्यांना काही वाटलं, आणि ते इतकं वाटलं की भिंत धरावी लागली. जैनबसाठी न आलेलं पाणी डोळ्यांतून आपोआप वाहायला लागलं. ते खाली वाकले, लाडोला उचललं, आणि नूरच्या डोक्यावर धरलं.

"घे," ते म्हणाले. "घे, बाळा, घे. जिवाचा सदका..."

"दादा," नूर आजोबांना म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "ती आता नाही घेणार."

लाडो हातातून निसटली. अंग झटकून वाडग्यापाशी बसली आणि नूरच्या बोटांच्या मधलं पाणी लपलप पिऊ लागली.