वाऱ्यातलं स्थिर पाणी

ब्रुनो तासोनी कालव्याच्या सातव्या दारापाशी गजांच्या जाळीला अडकून मेलेला सापडला, आणि दुपारच्या आत पोलिसांनी त्याच्या सख्ख्या भावाला, डिनोला, उचललं.

ब्रुनो कालव्याचा कामगार. वरचं सहावं दार बंद करवून, रिकाम्या कालव्यात उतरून तो जाळीतला पालापाचोळा काढत होता. तेवढ्यात वरून पाणी सुटलं. कंट्रोल रूमच्या नोंदीत मात्र सहावं दार सकाळपासून बंदच होतं. म्हणजे कोणीतरी हातानं उघडलं. ते दार डिनोच्या पेअरच्या बागेला लागून, डिनोच्या गाडीत लोखंडी हँडल, आणि पाण्यावरून दोघा भावांचं नाताळपासून वाजलेलं. गावानं निकाल देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी कामगार सुरक्षेची तपासनीस नेरिडा फाल्झॉन आली, तीही वळसा घालून. आदल्या दिवशीच्या वाऱ्यात रस्त्यावर निलगिरी आडवी झाली होती.

"दार तू उघडलंस?" तिनं कोठडीत डिनोला विचारलं.

"भांडलो, शिव्या दिल्या, सगळं केलं. पण भाऊ होता हो माझा! दर रविवारी आईच्या टेबलावर समोरासमोर जेवायचो. आता तिला काय तोंड दाखवू?"

"आणि हँडल?"

"ते माझ्या बागेच्या झडपेचं. त्या दाराला बसतच नाही. लावून बघा!"

नेरिडानं लावून पाहिलं. बसलं नाही. "दुसरं लपवलं असेल," सार्जंट म्हणाला. त्याला अटक केल्याचं समाधान सोडवत नव्हतं.

कंट्रोल रूममध्ये ग्लेनिस प्रुइट पडद्यासमोर सुजल्या डोळ्यांनी बसली होती. शेजारी कॅलम रेडफर्न उभा. दारांचं सॉफ्टवेअर त्याचं.

"दार आपोआप उघडू शकतं?" नेरिडानं विचारलं.

"संपर्क तुटला तरच," कॅलम म्हणाला. "प्रत्येक दारात छोटा संगणक आहे. आमच्याशी बोलणं तुटलं आणि वर पाणी तुंबलं, तर बांध फुटू नये म्हणून दार स्वतःच उघडतं. पण संपर्क तुटला की इथे लगेच घंटा वाजते. आम्ही कालव्यातल्या माणसाला बाहेर काढतो. काल घंटा वाजलीच नाही."

"गेल्या वर्षी वाऱ्यात डोकं उठवायची मेली," ग्लेनिस पुटपुटली. "यंदा एकदाही नाही. कॅलमनं सुधारलं ना सगळं."

नेरिडानं सहाव्या दाराची कालची पातळी पडद्यावर आणली. रेघ फूटपट्टीनं ओढल्यासारखी सरळ होती. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं डिनोला तिथेच आणवलं आणि सहाव्या दारावर थांबलेल्या कॉन्स्टेबलला फोन लावला.

"कालव्यात कोणी नाही ना? मग अँटेनाची वायर उपट."

"उपटली!"

पडद्यावर सहावं दार हिरवंच राहिलं. घंटा गप्प. थोड्या वेळानं फोनवर कॉन्स्टेबल ओरडला, "बाई, दार उघडतंय!"

पडदा म्हणत होता, दार बंद.

"काल झाडं पडली आणि कालव्यातलं पाणी तसूभर हललं नाही?" नेरिडा म्हणाली. "खरं पाणी वाऱ्यात असं राहत नाही. ते दाराचं जुनं उत्तर होतं, पुन्हा पुन्हा दाखवलेलं. वाऱ्यात संपर्क तुटला, दार उघडलं. वारा पडला, संपर्क जुळला, ग्लेनिसच्या हुकमाप्रमाणे दार परत मिटलं. संपर्क तुटलेल्या दाराच्या वतीनं तुझा प्रोग्राम बोलत होता, कॅलम."

"क्षणभर संपर्क जायचा, तेवढ्यासाठीच होतं ते!" कॅलमचा आवाज फाटला. "घंटेनं जीव खाल्ला म्हणून तुम्ही सगळेच माझ्या मागे लागला होतात. किती वेळ जुनं उत्तर चालवायचं, ती मर्यादा घालायची राहिली."

"ती चूक झाली. पण ब्रुनो सापडला तेव्हाच तुला कळलं होतं. डिनोला पोलिसांच्या गाडीत कोंबताना तू कुठे होतास?"

"खिडकीपाशी," कॅलम म्हणाला आणि खाली बसला.

सार्जंटनं डिनोच्या बेड्या काढल्या. नेरिडानं कॅलमला तो प्रोग्राम बंद करायला लावला. त्यासरशी घंटा कर्कश वाजू लागली. सवयीनं ग्लेनिसचा हात ती बंद करायच्या बटणाकडे गेला.

"नको," डिनो म्हणाला. तो रडत होता. "वाजू दे तिला, ग्लेनिस. काल वाजायला हवी होती."