जुन्या भोकांवरची फळी

लग्नाच्या आठवड्यात फेरीबोटीने नवीन स्टिअरिंग आलं आणि ते आणायला मी हातगाडी घेऊन धक्क्यावर गेले. काम एवढंच होतं. खोकं उचलायचं, खाली आमच्या खाडीत नेऊन भाचीच्या हवाली करायचं आणि घरी येऊन कॉफी टाकायची. त्या खोक्यापायी पुढे काय काय बघावं लागणार आहे हे कोणी आधी सांगितलं असतं, तर मी हातगाडी तिथेच सोडून पळाले असते. नाही, खोटं कशाला बोलू, पळाले नसते. अशी मजा परत कुठे मिळणार?

बोट माझ्या भावाची, टोरलाईव्हची. पांढरी, फायबरची, मागे इंजिन, मधोमध चाक आणि चाकाजवळ दोन खुर्च्या. उजवीकडची त्याची, डावीकडची माझ्या वहिनीची, बोर्गहिल्डची. लग्न झाल्यापासून दोघं याच क्रमाने बसत आले. वहिनीने चाकाला कधी बोटसुद्धा लावलं नाही. ती नुसती बोलायची आणि तो नुसता हसायचा.

गेल्या शरद ऋतूत एका संध्याकाळी ही बोट एकटीच संथपणे खाडीत शिरली आणि धक्क्याला येऊन टेकली. इंजिन चालू, टोरलाईव्ह खुर्चीत बसलेला, हात चाकावर. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडून बराच वेळ झाला असावा, बहुतेक बाहेर उघड्या समुद्रातच. मग खाडीच्या तोंडाशी असलेले खडक चुकवून बोट आत आणली कोणी, हे विचारायचं तेव्हा कोणाला सुचलं नाही. ज्यांना सुचलं त्यांनी विचारलं नाही.

त्यानंतर वहिनीने बोटीत पाय ठेवला नाही. हिवाळ्यात स्टिअरिंगची जाड केबल गंजून आतल्या आत जाम झाली. चाक जागचं हलेना. वहिनीने शहरातलं एक गिऱ्हाईक गाठलं. लग्नानंतर ते येऊन बोट घेऊन जाणार होतं.

एल्द्रिड, म्हणजे माझी भाची, तिचा हट्ट असा की चर्चला जाईन तर बाबांच्या बोटीने जाईन, आणि आई शेजारी बसेल. आई म्हणाली, "तुला जायचं तर जा. मी गाडीने येईन. आणि एकदा ती बोट डोळ्यांसमोरून गेली की मला झोप लागेल."

"तुला झोप लागावी म्हणून मी बाबांना विकायचं का?" एल्द्रिड म्हणाली आणि रडत खाली खाडीवर गेली. मी हातगाडी घेऊन पोचले तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण हातात पाना होता. पोर बापाच्या वळणावर गेली आहे.

नवरदेव सिंद्रे डोंगराकडचा. माणूस सोन्यासारखा, पण बोटीबद्दल त्याला ठाऊक होतं ते सगळं पुस्तकातलं. डॅशबोर्डखाली तो उताणा शिरला आणि त्याचे फक्त बूट बाहेर राहिले.

"जावईबापू, जिवंत आहात ना?" मी विचारलं.

"आत्या, बॅटरी नीट धरा. तुम्ही आकाशाला उजेड दाखवताय."

जुनं चाक निघालं आणि डॅशबोर्डला मुठीएवढं गोल भोक पडलं. भोवती बोल्टांची चार छोटी भोकं. नवीन स्टिअरिंग त्या जागी बसेना, म्हणून सिंद्रेने ते वीतभर वर घेतलं. जुनी भोकं तशीच आ वासून राहिली.

मी वाकून आत बघायला गेले आणि माझ्या गालाला वारा लागला. गरम. पाणी अजून थंडगार होतं, हवाही बोचरी. त्या भोकातून मात्र लोकरी स्वेटर आणि ओल्या दोराचा वास घेऊन मंद, गरम वारा येत होता... थांबत होता... पुन्हा येत होता.

"सिंद्रे," मी हळूच म्हटलं, "आत तू फुंकतोयस का?"

"मी मागे इंजिनापाशी आहे, आत्या."

खरंच तो मागे होता. घरी जाऊन पाव कापायची माझी जाड फळी घेऊन आले. सुरीच्या चरांची बाजू आत, गुळगुळीत बाजू बाहेर, कडेने फटी बुजवायचं सीलंट, चार कोपऱ्यांना चार स्क्रू. भोकं झाकली, वारा बंद. मला जरा बरं वाटलं.

नव्या स्टिअरिंगला केबल नसते. तेलाने भरलेल्या दोन नळ्या चाकापासून इंजिनापर्यंत जातात. चाक फिरवलं की तेल ढकललं जातं आणि इंजिन वळतं. सिंद्रेने नळ्या जोडल्या, मागे जाऊन इंजिनाकडे तोंड करून बसला आणि ओरडला, "उजवीकडे फिरवा!" मी फिरवलं. "आलं, उजवीकडेच आलं. झालं काम."

खरं तर बोट एकदा फिरवून बघायला हवी होती. पण आमच्या बेटावर लग्नाच्या बोटीचं चाक बदललं, तर बोट धक्क्यावरून हलवायची ती नवरीनेच, चर्चला जाताना. त्याआधी हलवली तर नवरीचा मान गेला. आणि निघताना वळायचं ते सूर्याच्या चालीने, उजवी घालून. डावीकडे वळून निघालेली बोट परत येत नाही असं इथे लहान मुलंसुद्धा मानतात. तेव्हा बोट बांधून आम्ही जेवायला गेलो.

सकाळी बघते तर फळी निघालेली. उपटलेली नव्हे, काढलेली. टोरलाईव्हच्या खुर्चीवर चरांची बाजू वर करून नीट ठेवली होती आणि चारही स्क्रू कॉफीच्या कपात.

"पोरांची मस्करी," सिंद्रे म्हणाला. त्याने जास्त लांब स्क्रू घातले आणि सीलंट वाळेपर्यंत तिथेच बसून राहिला. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. खुर्चीवर फळी, कपात स्क्रू. सीलंटचा मागमूस नाही, बोटाने पुसून घेतल्यासारखं. आणि भोकातून तो वारा, जरा जोरात, चढण चढून आलेल्या माणसासारखा.

आता सिंद्रेचाही रंग उडाला. "आत्या... स्क्रू कपात कोण ठेवतं?"

कोण ठेवतं ते मला माहीत होतं. मी तशीच वर घरी गेले. वहिनी नवरीचा रुपेरी मुकुट घासत होती. मी सगळं सांगितलं. तिचा हात थांबला.

"कप कोणता?"

"निळा. कान तुटलेला."

तिने मुकुट मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "चाळीस वर्षं सांगून दमले, माझ्या कपात स्क्रू टाकू नकोस म्हणून." आणि मुकुट पुन्हा घासायला लागली, इतका जोरात की मला त्या मुकुटाचीच काळजी वाटली. बोटीत येशील का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मार्ग काढला एल्द्रिडने. तिने फळी हातात घेतली, गिरमिटाने मधोमध अंगठ्याएवढं भोक पाडलं आणि फळी जागेवर बसवली.

"बाबांना गुदमरत असेल," ती म्हणाली. कोणी हसलं नाही. त्यानंतर फळी हलली नाही.

लग्नाच्या दिवशी ऊन असं पडलं होतं की डोळे दिपावेत. डोक्यावर मुकुट, छातीवर चांदीची बटणं, पायात बापाचे रबरी बूट, अशी एल्द्रिड चाकामागे उभी राहिली. पुढे व्हायोलिनवाला, मागे मी, माझ्या मांडीवर साय घातलेल्या खिरीचं भलंमोठं पातेलं. सिंद्रे चर्चपाशी वाट बघत होता. वहिनी धक्क्यावर आली, दोर सोडला, पण आत आली नाही. डावीकडची खुर्ची रिकामी राहिली. एल्द्रिडने एकदा त्या खुर्चीकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि चाक उजवीकडे फिरवलं. बोट उजवीकडे वळली, सूर्याच्या चालीने, अगदी झोकात. व्हायोलिन सुरू झालं आणि मी पातेलं सांभाळत रडून घेतलं.

खाडीच्या तोंडाशी धुकं आलं. समुद्रावरून ते येतं तेव्हा विचारून येत नाही. व्हायोलिनवाला दिसेनासा झाला, नुसता सूर राहिला. मग सूरही थांबला.

"आत्या," एल्द्रिड अगदी हळू म्हणाली, "चाक मी फिरवत नाहीये..."

"सोड मग हात."

"सोडलाय केव्हाच..."

मी पुढे वाकून पाहिलं. तिचे दोन्ही हात छातीशी होते. चाक जरासं डावीकडे गेलं, थांबलं, उजवीकडे आलं. आमच्या बाजूने, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून, एक काळा ओला खडक सरकत गेला. आणि ही वेडी मुलगी हसायला लागली, डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू. "वाजवा ना," ती धुक्याला म्हणाली, "थांबलात कशाला?" व्हायोलिन पुन्हा सुरू झालं. धुकं फाटलं तेव्हा समोर चर्चचा धक्का होता, आणि त्यावर रडवेला सिंद्रे.

लग्न असं झालं की विचारू नका. खीर संपली, मटण संपलं, बिअर संपली तरी नाच संपेना. वहिनीसुद्धा नाचली. मी पाद्रीबुवांच्या पायावर पाय दिला. रात्री उशिरा एल्द्रिडनेच बोट घरी आणली आणि तीही कुरकूर न करता आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिंद्रे बोटीत इंधन भरायला निघाला. त्याने चाक उजवीकडे फिरवलं आणि बोट डावीकडे वळून धाडकन धक्क्यावर आदळली. पुन्हा फिरवलं, पुन्हा उलटी. तो डॅशबोर्डखाली शिरला आणि बाहेर आला तो पांढराफटक.

"नळ्या उलट्या जोडल्यात," तो म्हणाला. "पहिल्यापासून. मी इंजिनाकडे तोंड करून बसलो होतो ना, माझं उजवं ते बोटीचं डावं. आत्या, काल ही उजवीकडे वळायलाच नको होती."

"वळली तर खरी," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्याने दोन्ही नळ्या काढल्या, उन्हात धक्क्यावर पसरल्या आणि पुसायला बसला. आदळल्याचा आवाज ऐकून वहिनी घरातल्या चपलांवरच खाली आली होती. सिंद्रेचं बोलणं तिने ऐकलं. नळ्यांकडे पाहिलं. मग उंबरा ओलांडावा तितक्या सहज तिने बोटीत पाय टाकला. दोर तिने सोडला. इंजिन सुरू झालं.

"आई, थांबा," सिंद्रे उठून म्हणाला. "तिला स्टिअरिंगच नाही. चाक नुसतं फिरेल."

बोट धक्क्यापासून निघाली आणि उजवीकडे वळली, सावकाश, एकाच वळणात. तिची बाजू आमच्याकडे झाली तेव्हा आम्हांला आतलं दिसलं. वहिनी चाकामागे नव्हतीच. ती डावीकडच्या आपल्या खुर्चीवर मांडीत हात घेऊन बसली होती, रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून, आणि बोलत होती. हिवाळाभर साठलेलं सगळं एका दमात सांगत असावी. मध्येच तिने आमच्याकडे बघून हात हलवला.

"त्या गिऱ्हाइकाला कळवा," ती ओरडून म्हणाली, "यायचं कारण नाही."

एल्द्रिड माझ्या गळ्यात पडली. मीही तिला घट्ट धरलं, आनंदाने, दुसऱ्या कशाने नाही. बोट खडकांमधून उघड्या समुद्राकडे निघून गेली. तिचा आवाज येईनासा झाल्यावर मी खाली पाहिलं. सिंद्रेच्या हातातली सुटी नळी, तिकडे बोटीत कोणी चाक फिरवत असल्यासारखी, हळूहळू तेल सोडत होती... थांबत होती... पुन्हा सोडत होती.